खानोलकरांच्या नाटकांतला काळोख



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की श्रोते मनाशी विषय ठरवूनच बसलेले असतात : किमान वेतन, कंत्राटी पद्धत, नाही तर नवे कामगार कायदे. या वसंत व्याख्यानमालेसाठी 'चिं. त्र्यं. खानोलकरांची नाटके' हा विषय आम्ही कळविला, तेव्हा चालकांनी दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून खात्री करून घेतली की, आमच्याकडून लिहिण्यात काही चूक तर झालेली नाही ना! चूक झालेली नाही. आणि या विषयाचा आमच्या धंद्याशी काही संबंध नाही, असेही नाही. तो कसा आहे, तेच आज सांगावयाचे आहे.

आरंभी एक कबुली देणे प्राप्त आहे. आमचे वडील मुंबईच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांतले एक आमचे वडील. पुढे गिरणीचा भोंगा पुन्हा वाजला, पण वडिलांना कामावर घेतले नाही. ते गावी परतले आणि आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते निम्मे संपाच्या मांडवात आणि निम्मे रत्नागिरीच्या नगर वाचनालयात. १८२८ साली स्थापन झालेल्या त्या वाचनालयाचे ऋण आमच्याकडून फिटणारे नाही. तिथेच वयाच्या विशीत खानोलकरांची 'कोंडुरा' ही कादंबरी हाती आली, आणि खरे सांगतो, अर्ध्यावर टाकून दिली. पाठोपाठ त्यांची नाटके चाळली आणि कपाळाला आठ्या घातल्या. जिकडे पाहावे तिकडे नियती, शाप, वर, कौल, काळ! आम्ही गावोगाव जाऊन सांगत होतो की, बाबा रे, तुझे दैव तुझ्या मुठीत आहे. आणि हा लेखक त्याच माणसाला काळोखात नेऊन सांगतो की, तुझी मूठ रिकामी आहे. ही पुस्तके कामगाराच्या हाती पडू नयेत, असे आम्ही तेव्हा एका सभेत बोलूनही दाखविले होते.

तो ग्रह मोडला एका काजूच्या कारखान्यात. १९९६ सालची गोष्ट आहे. त्या कारखान्यात चाळीसएक बायका काजू फोडण्याच्या कामावर होत्या. काजूच्या टरफलातले तेल बोटांना लागले की कातडी जळते. त्या जळक्या बोटांची दोन महिन्यांची मजुरी थकलेली होती. आम्ही फाटकावर सभा बोलाविली. बायका आल्या दहा. बाकीच्या कुठे, म्हणून चौकशी केली तेव्हा कळले की, आदल्या दिवशी त्या सगळ्याच्या सगळ्या ग्रामदेवतेच्या देवळात गाऱ्हाणे घालायला गेल्या होत्या. आमचा तोल सुटला. त्या दहाजणींनाच आम्ही अंधश्रद्धेवर अर्धा तास झोडपले. सभा संपल्यावर त्यांतली एक म्हातारी जवळ आली आणि म्हणाली, "भाऊ, तुमच्या सभेत तुम्ही एकटेच बोलता. तिथं आम्ही सगळ्याजणी 'होय म्हाराजा' म्हणतो."

ते वाक्य घेऊन आम्ही घरी आलो आणि बरेच दिवस ते पचेना. गाऱ्हाण्याची रीत आपणा सर्वांना ठाऊक आहे. गुरव किंवा मानकरी देवापुढे उभा राहून अडचणींचा पाढा वाचतो आणि प्रत्येक वाक्यावर जमलेला गाव एका आवाजात 'होय म्हाराजा' म्हणतो. मागणी एकट्याची असो वा गावाची, तिच्यामागे आवाज सगळ्यांचा. आमच्या घोषणेत आणि यात फरक तो काय? एवढाच की आमची घोषणा मालकापुढे होते आणि ही देवापुढे. ज्या माणसांना मालकापुढे बोलण्याची सोय शेकडो वर्षे नव्हती, त्यांनी आपले बोलणे कुठे ठेवले, हा प्रश्न त्या म्हातारीने आम्हांला घातला. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही पुन्हा खानोलकरांपाशी आलो. पण त्यांच्यापाशी पोहोचण्यापूर्वी कोकणच्या रंगभूमीवर पुराणकथेने केलेला प्रवास पाहिला पाहिजे, कारण खानोलकर त्या वाटेवरचेच प्रवासी आहेत.

परंपरा अशी सांगते की, राजापूर तालुक्यातल्या आडिवऱ्याचे शामजी नाईक काळे यांनी १७२८च्या सुमारास कर्नाटकातून दशावतार कोकणात आणला. आणणारा कोणीही असो, रुजविला तो इथल्या मातीने. जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात एक बाकडे, पेटी, मृदंग, झांज आणि उजेडापुरती बत्ती, एवढ्यावर रात्रभर नाटक चालते. संहिता लिहिलेली नसते. कथानक ठरलेले, संवाद नटाच्या जिभेवर. आरंभी गणपती, रिद्धिसिद्धी, सरस्वती आणि ब्रह्मदेव येतात. मग येतो वेद चोरणारा संकासुर, त्याला विष्णू मारतो आणि आडदशावतार संपून आख्यान लागते. आता गंमत पाहा. देव ग्रंथातल्यासारखी भारदस्त भाषा बोलतात. संकासुर मात्र बोलतो ती मालवणी, म्हणजे समोर जमिनीवर बसलेल्या प्रेक्षकाची बोली. भटजीची टर तोच उडवितो, गावातल्या चालू घडामोडींवर शेरे तोच मारतो. आपल्या उत्तरेकडच्या भागात शिमग्याला खेळ्यांबरोबर येणारा काळ्या पोशाखाचा, उंच टोपीचा संकासुर पाहा. पोरे त्याला भितातही आणि त्याच्यामागे धावतातही. पुराणात जो वधाला पात्र, तो खेळात सर्वांचा लाडका! वध चुकत नाही, पण वध होईपर्यंत बोलण्याचा अधिकार त्याचा. असुराच्या तोंडाने कष्टकरी माणूस बोलून घेत होता, असे आम्ही म्हटले तर पंडितांनी रागावू नये.

आणि हा खेळ करणारा नट कोण? दिवसा शेतात राबणारा, मजुरीला जाणारा. 'रात्री राजा, सकाळी कपाळार बोजा' अशी दशावताऱ्याविषयीची म्हणच आहे. रात्री मुगुट घालून इंद्राच्या सिंहासनावर बसलेला माणूस उजाडताच आपली पेटी डोक्यावर घेऊन पुढच्या जत्रेची वाट चालू लागतो. वर्गभेदावर आम्ही पुष्कळ पुस्तके वाचली. इतक्या थोड्या शब्दांत तो कोणी सांगितलेला आम्हांला आढळला नाही.

पुढे १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले आणि मराठी नाटक दरबारात व मग शहरात गेले. तिथेही पुराणकथाच होती, पण तिचे काम बदलत गेले. कृ. प्र. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त, १९०७ साली, प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झनला पाहिले. सरकारनेही तेच पाहिले आणि नाटकावर बंदी घातली. महाभारताच्या आडून राज्यकर्त्याला जाब विचारता येतो, हे त्या नाटकाने सिद्ध केले. त्यानंतर आपल्या चिपळूणला जन्मलेल्या मामा वरेरकरांनी पुराणाचा आडपडदाही बाजूला सारला आणि गिरणी, मालक, मजूर यांनाच थेट रंगभूमीवर उभे केले. 'सोन्याचा कळस' हे त्यांचे नाटक आमच्या चळवळीतल्या जुन्या मंडळींना फार प्रिय होते. बालपणी दशावतार पाहिलेल्या वरेरकरांनी कामगाराचे नाटक लिहावे, याचा आम्हांलाही अभिमान वाटतो.

तेव्हा आमचा हिशोब सरळ होता. जत्रेतली पुराणकथा, मग राजकीय पुराणकथा, मग पुराणकथा टाकून दिलेले वास्तव. पायऱ्या चढत चढत उजेडाकडे! या हिशोबात खानोलकर बसत नव्हते. वरेरकरांनंतर एका पिढीने आलेला हा माणूस पायऱ्या उतरून पुन्हा गाभाऱ्यातल्या काळोखात का जातो?

चिंतामण त्र्यंबक खानोलकर यांचा जन्म ८ मार्च १९३० रोजी वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राई या गावचा. वेंगुर्ले तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ साली. म्हणजे जन्माने ते आपल्याच जिल्ह्याचे. कुडाळला त्यांच्या घरची खानावळ होती. 'आरती प्रभू' या नावाने कविता लिहिणारा हा तरुण लोकांना जेवण वाढता वाढता लिहीत होता, हे विसरू नये. कविता नावाजल्या गेल्या, पण नावाजण्याने चूल पेटत नाही. १९५९च्या सुमारास कोकणातल्या हजारो घरांतल्या तरुणांप्रमाणे तेही पोटासाठी मुंबईला गेले. त्याच वर्षी 'जोगवा' हा संग्रह आला. पुढच्या सतरा वर्षांत कविता, कादंबऱ्या आणि नाटके यांचा एकच लोंढा लोटला आणि २६ एप्रिल १९७६ रोजी, अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी, तो थांबला. 'नक्षत्रांचे देणे' या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो त्यांच्या पश्चात, १९७८ साली. मजुरी उशिरा मिळण्याचा आमच्या लोकांचा अनुभव साहित्यातही आहे म्हणायचा!

त्यांचे 'एक शून्य बाजीराव' हे नाटक १९६६ साली 'रंगायन' संस्थेने विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. मराठी नाटकाला तेव्हा दिवाणखान्याची सवय जडलेली : मध्ये सोफा, बाजूला जिना, मागे खिडकी. खानोलकरांनी तो दिवाणखाना उठविला आणि त्या जागी एक विदूषक आणून उभा केला. नुसते नाव वाचा. 'बाजीराव' म्हणजे आपल्या बोलीत ऐटीची परमावधी. कोणी फार तोरा दाखवू लागला की आपण विचारतो, हा कोण मोठा बाजीराव लागून गेला! त्या बाजीरावाच्या मागे शून्य लावले. रात्रीचा राजा आणि सकाळचा बोजा एकाच नावात बसले. दशावताराच्या बाकड्याची आठवण आम्हांला इथे झाली.

त्यांच्या नंतरच्या नाटकांची नावेही अशीच बोलकी आहेत. 'अवध्य', म्हणजे ज्याला मारता येत नाही तो. 'कालाय तस्मै नमः', म्हणजे त्या काळाला नमस्कार असो. आणि 'कोंडुरा' कादंबरीची कथा तर श्याम बेनेगलांच्या १९७८च्या चित्रपटामुळे पुष्कळांना ठाऊक आहे. घरात अपमान सोसणारा एक दरिद्री ब्राह्मण समुद्रकाठी जातो. तिथे त्याला कोंडुरास्वामीचा साक्षात्कार होतो, वर मिळतो आणि वराबरोबर अटही मिळते. काल ज्याला कोणी विचारीत नव्हते त्याच्या पायांशी आज गाव येतो. आणि ज्या शक्तीने गावाचे भले व्हायचे, तिच्याच पायी त्याचा स्वतःचा संसार उद्ध्वस्त होतो. वेंगुर्ले तालुक्यात कोंडुरा नावाची जागा खरोखरच आहे.

त्याच टापूत आरवलीचा वेतोबा आहे. त्याला भक्त चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण देव रात्रभर गावाची राखण करीत फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा. रात्रपाळी करणारा आणि ज्याचे जोडे झिजतात असा देव! ज्या मुलखात देवालाही काम चुकत नाही, त्या मुलखातला लेखक दैवाबद्दल लिहितो तेव्हा तो हवेतले लिहीत नसतो, हे ध्यानी घेतले पाहिजे.

आता आमच्या प्रश्नाकडे येतो. हा काळोख आला कोठून? कोकणचा इतिहास उघडला की त्याचे काही धागे हाती लागतात. पहिला धागा जमिनीचा. या जिल्ह्यात खोतीची पद्धत होती. खोत सरकारचा वसूल गोळा करी आणि कुळाकडून धान्याचा वाटा व वेठ घेई. शेतात पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्याचे नाव कागदावर नसे. आपल्याच मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या कुळांचा मोर्चा कायदेमंडळावर गेला. कायदा व्हायला मात्र १९४९ साल उजाडावे लागले. म्हणजे खानोलकर एकोणीस वर्षांचे होईपर्यंत त्यांच्या भोवतालच्या पुष्कळ कुळांचे भवितव्य अशा कागदावर लिहिलेले होते, जो त्यांना वाचता येत नव्हता आणि बदलता येत नव्हता. न वाचता येणारा आणि न बदलणारा लेख! आपल्या बायाबापड्या त्यालाच 'सटवीचा लेख' म्हणतात.

दुसरा धागा मनिऑर्डरीचा. घरटी एक पुरुष मुंबईला गिरणीत, गोदीत, नाही तर बोटीवर. घरी म्हातारी, बायको, पोरे आणि शेजारची रिकामी घरे. पुरुष वर्षातून दोनदा येणार, गणपतीला आणि शिमग्याला. मधल्या महिन्यांत रात्री वाड्यात कोण वावरते? राखणदार, देवचार, मूळपुरुष, नदीत जीव दिलेली सासुरवाशीण. आम्ही लहानपणी या गोष्टींना हसत असू. आता वाटते, ज्या घरातून जिवंत माणसे गेली त्या घरात मेलेल्यांना जागा पुष्कळ झाली. आणि तिसरा धागा बाईचा. खानोलकरांच्या लेखनात देवी बाईच्या रूपाने येते आणि बाईला देवीचे भोग चुकत नाहीत. 'चानी'चेच पाहा. गोऱ्या माणसापासून झालेली मुलगी म्हणून गाव तिला आपली म्हणत नाही, आणि गावावर काही ओढवले की बोट मात्र तिच्याकडे. व्ही. शांताराम यांनी १९७७ साली तिच्यावर चित्रपट काढला. या तिन्ही धाग्यांचे मिळून जे जाळे होते, त्याला आत सापडलेला माणूस नियती म्हणतो. बाहेर उभा असलेला आम्हांसारखा कार्यकर्ता त्याला व्यवस्था म्हणतो. दोघेही एकाच जाळ्याबद्दल बोलत असतात, हे कळायला आम्हांला बरीच वर्षे लागली.

हा दोष आमच्या कोकणच्या दमट हवेचा आहे, असे कोणी म्हणेल. तर आता हवापालट म्हणून क्षणभर आयर्लंडला जाऊ. पावसाचा, समुद्राचा, दारिद्र्याचा आणि परदेशी गेलेल्या मुलांचा तोही देश. जमीन एकाची आणि राबणारा दुसराच, हा अनुभव त्यांनीही परक्या सत्तेखाली घेतला. तिथे सिंग या नाटककाराने १९०४च्या सुमारास एका म्हाताऱ्या आईचे लहानसे नाटक रंगभूमीवर आणले. तिचे एकामागून एक सगळे पुरुष समुद्र घेऊन जातो. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर वादळाच्या दिवसांत उभ्या असलेल्या बायकांना ते नाटक समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

त्याच देशात १९६४ साली जन्मलेल्या मरीना कार या बाई आज नाटके लिहितात. त्यांचे बालपण आयर्लंडच्या मध्यभागी ऑफली परगण्यात, तळी आणि दलदली यांच्या सान्निध्यात गेले. त्यांचे 'बाय द बॉग ऑफ कॅट्स', म्हणजे मांजरांच्या दलदलीपाशी, हे नाटक १९९८ साली डब्लिनच्या ॲबे थिएटरमध्ये झाले. मूळ कथा ग्रीकांच्या मीडियाची. नवऱ्याने टाकलेल्या आणि सूडापोटी पोटची पोरे मारणाऱ्या त्या बाईवर युरिपिडीसने ख्रिस्तपूर्व ४३१ मध्ये शोकांतिका लिहिली. मरीना कारबाईंनी मीडियाची केली हेस्टर स्वेन, दलदलीच्या काठी राहणारी आणि भटक्या जमातीच्या आईची मुलगी. तिचा पुरुष तिला सोडून लग्न करतो ते एका जमीनदाराच्या मुलीशी, आणि त्या लग्नामागे जमीन आहे हे नाटककर्ती लपवीत नाही. नाटकात भूत आहे, भविष्य सांगणारी आंधळी बाई आहे, आणि जिच्या आयुष्याशी हेस्टरचे आयुष्य बांधलेले आहे अशी काळी हंसी आहे. शेवटी हेस्टर आपल्या मुलीला मारते आणि स्वतः मरते. ग्रीक मीडिया सूर्याच्या रथात बसून निघून जाते. हेस्टरसाठी रथ येत नाही. आणि ती मुलीला मारते ती सूडाने नव्हे. आपण जसे सोडून गेलेल्या आईची जन्मभर वाट पाहिली, तशी या पोरीने आपली वाट पाहत राहू नये म्हणून.

हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा आम्ही पुस्तक मिटून उठलो. पण या वेळी टाकून दिले नाही. हेस्टर आणि चानी या दोघी एकमेकींच्या भाषेतला शब्द जाणत नाहीत, पण गाव दोघींना एकाच नजरेने पाहते. भटक्या लोकांना आयर्लंडच्या सरकारने वेगळा समाज म्हणून मान्यता दिली ती १ मार्च २०१७ रोजी. नाटक त्याच्या एकोणीस वर्षे आधीचे. सरकारी दप्तरात ज्यांची नोंद व्हायची होती, त्यांची नोंद रंगभूमीने पुराणकथेच्या वहीत आधीच करून ठेवली होती.

इथे आमचे जुने सहकारी आम्हांला अडवतील. म्हणतील, हे सारे खरे धरले, तरी या काळोखाने माणूस लढायला उठतो की हातपाय गाळून बसतो? प्रश्न रास्त आहे आणि त्याला आम्ही बगल देणार नाही. खानोलकरांच्या लेखनात वाट दाखविणारा कंदील नाही. त्यांना आमच्या संघटनेचे सभासद करून घेण्याचा खटाटोपही आम्ही करणार नाही. त्यांच्या शोकाला आमचे बिल्ले लावणे हा अन्याय होईल. ते नियती मानत असतील, आम्ही मानत नाही. एवढा मतभेद ठेवूनच आम्ही त्यांना वाचतो. पण वरेरकरांच्या वाटेने गेलेल्या आम्हा लोकांकडून एक चूक झाली. माणसाच्या भीतीला आम्ही अज्ञान म्हटले आणि तिथे शिकवणी लावली. भीतीला शिकवणी लागत नाही, सोबत लागते. खानोलकर काळोखात माणसासोबत बसतात, आणि आम्ही बाहेरून हाका मारीत राहिलो.

शिवाय खानोलकरांची रंगभूमीवरची वाटचाल निव्वळ काळोखाचीही नाही, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. गिरीश कार्नाडांचे 'हयवदन' मराठीत आणले ते खानोलकरांनी. वेताळाच्या कथेतला तो जुना पेच : दोन पुरुषांची डोकी अदलाबदलीने एकमेकांच्या धडांवर बसली, तर बाईचा नवरा कोणता? वेताळाला मिळालेले उत्तर असे की, डोके ज्याचे तो नवरा, कारण सर्व अवयवांत मस्तक श्रेष्ठ. आम्हांला तर वाटते, आपल्या देशातली सगळी वेतनश्रेणी या एका उत्तरावर बेतलेली आहे! डोक्याने काम करणारा साहेब, हाताने करणारा मजूर. कार्नाडांच्या नाटकाला हे उत्तर पुरत नाही. तिथे धडालाही स्मरण आहे, हातांनाही त्यांची ओढ आहे.

दुसरे नाटक 'अजब न्याय वर्तुळाचा'. ब्रेख्त या जर्मन नाटककाराने १९४४ साली, अमेरिकेत परागंदा असताना लिहिलेल्या नाटकाचे हे खानोलकरांनी केलेले मराठी रूप. विजया मेहता यांनी पूर्व जर्मनीतले दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या सहकार्याने ते १९७०च्या दशकात रंगभूमीवर आणले. कथा फार जुनी. एका मुलावर दोन बायका हक्क सांगतात, न्यायाधीश म्हणतो, मूल ओढून घ्या. आपल्याकडे जातककथेत महोसध पंडित जमिनीवर रेघ ओढून असाच निवाडा करतो. बायबलात सॉलोमन राजाची अशीच कथा आहे. चीनमधल्या जुन्या नाटकात खडूचे वर्तुळ आहे. या सर्व कथांत मूल दुखेल म्हणून मागे सरते ती जन्मदाती आई, आणि मूल तिलाच मिळते. हजारो वर्षे कथेचा शेवट ठरलेला होता. ब्रेख्तने तो फिरविला. त्याच्या नाटकात जन्मदाती राज्यपालाची बायको दंगलीत कपडे गोळा करताना मूल टाकून पळालेली असते. ज्या मोलकरणीने ते उपाशी राहून वाढविले, तीच हात सोडते आणि मूल तिलाच मिळते. त्या नाटकाच्या आरंभी तर एका खोऱ्याच्या जमिनीचाच तंटा आहे, आणि निर्णय असा की, जमिनीचे जे सोने करतील त्यांच्याकडे ती जावी.

आता मनाशी जुळवून पाहा. ज्या मुलखात खोती १९४९ साली कायद्याने गेली, जिथे १ एप्रिल १९५७ रोजी कुळे कायद्याने जमिनीची मालक ठरली, त्या मुलखातला हा कवी. ज्याला आम्ही नियतीचा भाट समजत होतो, त्याच्याच हातून मराठीत ही कथा आली की, मूल त्याचे जो ते वाढवील. आम्ही 'कसेल त्याची जमीन' म्हणून घसे कोरडे केले, तेच वाक्य पुराणकथेच्या पोटातून आले. पुराणकथेचा शेवट बदलता येतो, हे यातून आम्ही शिकलो. पण तो बदलण्यासाठी आधी त्या कथेत शिरावे लागते. दाराबाहेर उभे राहून 'हे सारे थोतांड आहे' असे ओरडल्याने शेवट बदलत नाही.

त्या काजूच्या कारखान्यातल्या बायकांचे पुढे काय झाले, हे सांगून आपली रजा घेतो. पुढच्या सभेला आम्ही भाषण केले नाही. त्या म्हातारीलाच पुढे उभे केले. तिने आपल्या रीतीने गाऱ्हाणे घातले : दोन महिन्यांची मजुरी थकली आहे, बोटे जळली आहेत, पोरांच्या वह्या आणायच्या आहेत. एकेका वाक्याला चाळीस बायकांनी 'होय म्हाराजा' म्हटले. फरक एवढाच केला की तोंड देवळाकडे नव्हते, कारखान्याच्या कचेरीकडे होते. मजुरी तीन हप्त्यांत मिळाली. पुढच्या हंगामात दोघींना कामावर घेतले गेले नाही आणि त्यांच्यासाठी आम्हांला काही करता आले नाही, हेही सांगितले पाहिजे. त्यांतली एक ती म्हातारी होती.

ती आज हयात नाही. खानोलकरांचे नाव तिने कधी ऐकले नसावे. पण त्यांची नाटके आम्हांला वाचायला लावली ती तिने, म्हणून हे व्याख्यान तिचे आहे.